योग्य हत्यार नसताना मोटारसायकलच्या स्पार्क प्लगची कॅप काढणे: क्रम, खबरदारी आणि नेहमीच्या चुका

स्पार्क प्लग बदलण्याच्या कामात प्लगपेक्षा त्याच्या कॅपचेच नुकसान अधिक वेळा होते. कॅप निघत नाही असे दिसताच ती आणखी जोराने ओढली जाते, तरीही निघाली नाही तर पक्कड लावली जाते, आणि अखेरीस स्क्रू ड्रायव्हर खाली घालून ती उचकटली जाते. या खटपटीत एचटी वायर, म्हणजे विजेचा दाब वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलकडून प्लगपर्यंत वीज आणणारी जाड तार, कॅपमधून सुटते, रबर फाटते किंवा कॉइलच्या आवरणाला तडा जातो, आणि प्लग मात्र जिथल्या तिथे राहतो.

कॅप अडकून राहण्याची कारणे तीन असतात. कॅपच्या आतील धातूची क्लिप प्लगच्या टोकावरील टर्मिनलला धरून ठेवते, हे पहिले कारण. कॅपच्या खालच्या टोकाचे रबर उष्णतेमुळे प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकला चिकटते, हे दुसरे. प्लग खोल खळग्यात असेल तर खळग्याच्या तोंडावर बसणारे रबर तो खळगा हवाबंद करते आणि कॅप वर येऊ लागताच खाली हवा विरळ होऊन बाहेरच्या हवेचा दाब तिला मागे लोटतो, हे तिसरे. यांपैकी केवळ क्लिपची पकड सरळ ओढल्याने सुटते. चिकटलेले रबर आणि हवाबंद तोंड ही दोन्ही आधी मोकळी करावी लागतात, आणि ती मोकळी न करता लावलेला सर्व जोर कॅपच्या सर्वात कमकुवत जागी जातो.

कॅप काढण्याचे तयार हत्यार कोणतीही जादू करत नाही. ते कॅपच्या खांद्याखाली, म्हणजे वरच्या भागाच्या बाहेर आलेल्या कडेखाली, दोन्ही बाजूंनी पकड घेते आणि प्लगच्या रेषेत सरळ वर ओढते. घरातील साहित्यातून या दोन गोष्टी साधता आल्या तर हत्याराची उणीव भासत नाही, आणि यांतील एक जरी साधली नाही तरी काम बिघडते.

## १. कॅप कोणत्या प्रकारची आहे ते आधी ओळखावे

पुढील सर्व पायऱ्या कॅपच्या प्रकारावर अवलंबून असल्यामुळे हात लावण्यापूर्वी हे ठरवणे आवश्यक आहे. मोटारसायकलींवर सर्वसाधारणपणे तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार कोपराप्रमाणे वळलेल्या आखूड कॅपचा असतो. लहान एक सिलिंडरच्या इंजिनांवर ती उघडी दिसते, तिच्यात जाड एचटी वायर शिरलेली असते आणि ती सहसा हातानेच निघते. दुसरा प्रकार लांब, सरळ कॅपचा. हिचा बराचसा भाग सिलिंडर हेडच्या खळग्यात असतो, वरच्या टोकाला रबराची रुंद टोपी असते आणि त्या टोपीतून एचटी वायर बाहेर येते. तिसऱ्या प्रकारात कॅप आणि इग्निशन कॉइल हे एकच अंग असते. त्याला स्टिक कॉइल म्हणतात. येथे जाड एचटी वायर नसते, तर बारीक तारांचा एक लहान कनेक्टर वरच्या टोकाला जोडलेला असतो.

पहिल्या दोन प्रकारांत आणखी एक बाब पाहावी. अनेक कॅप एचटी वायरच्या टोकावर आट्यांनी बसवलेल्या असतात, म्हणजे कॅपच्या आतला टोकदार स्क्रू वायरच्या तांब्यात फिरवून शिरवलेला असतो. अशी कॅप वायर धरून ओढली किंवा एकाच दिशेने उलटी फिरवत राहिली तर कॅप प्लगवरच राहते आणि वायर मात्र हातात येते. बाहेरून हा जोड दिसत नाही, म्हणून वायर असलेली प्रत्येक कॅप आट्यांची आहे असे धरूनच काम करावे.

तपासणी: तिसऱ्या प्रकारात कॉइल एखाद्या लहान बोल्टने किंवा पट्टीने हेडच्या वरच्या कव्हरला जखडलेली आहे का, हे विजेरी लावून पाहावे. बोल्ट न काढता कॉइल ओढत बसणे ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक घडते.

## २. तयारी

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. येथे एक बारकावा आहे. रबर कोमट असताना मऊ राहते आणि कॅप थोडी सुलभ निघते, म्हणून हात सहज ठेवता येईल इतक्या कोमट इंजिनवर कॅप काढण्यास हरकत नाही. मात्र प्लग स्वतः इंजिन थंड झाल्यावरच सोडवावा, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना हेडचे आटे ओरबाडले जाण्याचा धोका असतो. ही दोन कामे लागोपाठची असली तरी त्यांची वेळ एकच असावी असे नाही.

किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीचा ऋण टर्मिनल सोडवून बाजूला ठेवावा. इंजिन चालू असताना कोणता सिलिंडर मिस करत आहे, म्हणजे कोणत्या सिलिंडरमधील इंधन पेटत नाही, हे पाहण्यासाठी कॅप हाताने ओढण्याची जुनी सवय पूर्णपणे सोडावी. प्लगकडे जाणाऱ्या विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो. त्याचा झटका तर बसतोच, शिवाय ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइल किंवा इग्निशनचे इलेक्ट्रॉनिक युनिट निकामी होऊ शकते.

पुढचा प्रश्न जागेचा. कॅप वाकडी ओढली जाण्याचे खरे कारण बहुतेक वेळा असे असते की वर टाकी किंवा चौकटीचा दांडा आडवा येतो आणि हात तिरकाच शिरतो. म्हणून सीट, बाजूची पॅनेल, आवश्यक असल्यास टाकी आणि एअर फिल्टरची पेटी काढण्यात गेलेला वेळ वाया गेला असे समजू नये. कॅपच्या थेट वर, कॅपच्या लांबीइतकी मोकळी जागा मिळाली नाही तर ती कोणत्याही हत्याराने नीट निघणार नाही. काही गाड्यांत टाकी पूर्ण न काढता मागून उचलून टेकू देता येते. असा टेकू पक्का असावा, कारण हात खाली असताना टाकी निसटणे धोक्याचे आहे. टाकी काढायची असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करावा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत नळीत दाब शिल्लक असतो, तो गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने उतरवल्याशिवाय नळी सोडवू नये. या सर्व काळात जवळ ज्योत किंवा ठिणगी उत्पन्न करणारे काहीही नसावे.

साहित्य पुढीलप्रमाणे जमवावे:

- पकड देणारे रबरी हातमोजे आणि डोळ्यांसाठी चष्मा
- सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची, अर्धा मीटर लांबीची नायलॉनची किंवा जाड सुती नाडी
- दोन ते तीन मिलिमीटर जाडीची ताठ तार, इन्सुलेशन टेप आणि एक आखूड लाकडी दांडी
- दोन पातळ, सपाट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या
- सिलिकॉन स्प्रे, विजेरी, चिकटपट्टी आणि पेन
- हवा मारण्यासाठी कॉम्प्रेसर, नसल्यास सायकलचा पंप आणि बारीक नळी

धातूचा स्क्रू ड्रायव्हर या यादीत जाणीवपूर्वक घेतलेला नाही. तो हाताशी असला की वापरला जातो, म्हणून तो पेटीतच राहू द्यावा.

## ३. कॅप हलवण्यापूर्वीची सफाई

लांब कॅपच्या रबरी टोपीभोवती आणि स्टिक कॉइलच्या कडेला वाळू, चिखल व पाने साचलेली असतात. कॅप वर येताच हा कचरा खळग्यात पडतो आणि नंतर प्लग काढला की थेट सिलिंडरमध्ये जातो. वाळूचा एखादा कणही सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पाडण्यास पुरेसा असतो.

चष्मा लावून टोपीच्या कडेने हवा मारावी, हवेचा झोत आतून बाहेर जाईल असा धरावा. कोरड्या ब्रशने उरलेली धूळ काढावी. पाण्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण टोपीचे रबर जुने असेल तर पाणी खळग्यात उतरते.

याच वेळी हेडच्या बाजूला खळग्यातून पाणी निथळण्यासाठी ठेवलेले बारीक छिद्र आहे का ते पाहावे आणि असल्यास मऊ तारेने मोकळे करावे. हे छिद्र बुजले की पावसाचे किंवा गाडी धुतल्याचे पाणी प्लगभोवती साठून राहते, प्लगचा धातूचा भाग गंजतो, टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि कॅपची क्लिप त्या थरात रुतून बसते. विलक्षण घट्ट बसलेल्या कॅपमागे पुष्कळदा हेच कारण सापडते.

## ४. खुणा आणि कनेक्टर

एकापेक्षा अधिक सिलिंडर असतील तर प्रत्येक वायरवर किंवा कॉइलवर चिकटपट्टी लावून तिचा क्रमांक लिहावा आणि तारांच्या मूळ मार्गाचे छायाचित्र घ्यावे. ओळीत चार सिलिंडर असलेल्या इंजिनांत क्रमांक सामान्यतः चालकाच्या डाव्या हाताकडून मोजले जातात. आपली मोजणी कोणतीही असो, कॅप ज्या जागेवरून निघाली त्याच जागी परत जाईल, एवढी खातरी झाली म्हणजे पुरे.

स्टिक कॉइलचा कनेक्टर आधी सोडवावा आणि मगच कॉइलला हात लावावा. उष्णतेने त्याचे प्लास्टिक ठिसूळ झालेले असते. म्हणून प्रथम कनेक्टर किंचित आत ढकलावा, त्यामुळे खटक्यावरील ताण कमी होतो. मग खटका बोटाने दाबून कनेक्टरचे शरीर धरून सरळ मागे घ्यावे. तारा ओढू नयेत. खटका तुटला तरी गाडी त्या वेळी चालू होते, परंतु कंपनाने कनेक्टर हळूहळू सैल होतो आणि मग अधूनमधून मिस होण्याचे कारण शोधता शोधता पुरेवाट होते.

## ५. पकड मोडणे

हीच पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सर्व काम मात्र हिच्यावरच अवलंबून असते. कॅप वर ओढण्याचा विचार येथे पूर्णपणे बाजूला ठेवावा. या पायरीचा हेतू फक्त रबर सिरॅमिकपासून सोडवणे आणि खळग्यात हवा शिरू देणे एवढाच आहे.

लांब कॅपच्या बाबतीत प्रथम रबरी टोपीची कड बोटांच्या टोकांनी किंवा बोथट प्लास्टिकच्या पट्टीने चोहोबाजूंनी उचलावी. टोपी आणि कॅपचा दांडा हे अनेकदा दोन वेगळे भाग असतात आणि टोपी केवळ दांड्यावर चढवलेली असते. म्हणून टोपी धरून ओढल्यास ती वर सरकून निघते व दांडा आतच राहतो. कड उचलल्यावर खळग्यात हवा शिरते आणि निर्वाताचा अडथळा त्याच क्षणी संपतो.

त्यानंतर कॅपचे शरीर, शक्य तितके खाली, हातमोजा घातलेल्या हाताने धरावे आणि ते डावीकडे व उजवीकडे थोडे थोडे फिरवावे. वायर असलेल्या कॅपसाठी हे फिरवणे प्रत्येक बाजूस दहा-पंधरा अंशांपेक्षा अधिक नसावे, आणि कॅपबरोबर वायरही फिरेल अशा रीतीने दुसऱ्या हाताने तिला साथ द्यावी. वायर स्थिर ठेवून कॅप फिरवल्यास आतले आटे सुटतात. स्टिक कॉइलला हे बंधन नसते, तिला जागा असेल तर पाव फेऱ्यापर्यंत दोन्ही दिशांना फिरवता येते.

आरंभी कॅप आणि प्लग एकजीव झाल्यासारखे वाटतात व कॅप रबराच्या लवचिकतेमुळे परत मूळ जागी येते. काही आवर्तनांनंतर ती परत न येता जिथे सोडली तिथेच थांबू लागते. रबर सिरॅमिकवर घसरू लागल्याची ही खूण आहे.

तपासणी: ही घसरण हाताला जाणवेपर्यंत पुढील पायरीकडे जाऊ नये. कॅप फिरत नसताना तिला वर ओढणे म्हणजे रबर फाडण्याची तयारी करणे होय.

इशारा: फिरवणे आणि डुलवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. कॅप पुढे-मागे झुकवून सैल करण्याच्या प्रयत्नात प्लगचे सिरॅमिक तडकते. ही तड केसाएवढी बारीक असते, डोळ्याला दिसत नाही, आणि पुढे त्या वाटेने ठिणगी बाहेर पडू लागते.

## ६. सरळ वर ओढणे

कॅप फिरू लागल्यानंतर ती वर काढण्यास लागणारा जोर बराच कमी होतो. पुढील उपाय सौम्य ते कठोर अशा क्रमाने दिले आहेत आणि त्याच क्रमाने वापरावेत.

केवळ हाताने. पहिल्या प्रकारच्या आखूड कॅपसाठी हेच पुरेसे आहे. कोपराच्या वळणाखाली दोन बोटे घालावीत, अंगठा प्लगच्या डोक्याच्या थेट वर ठेवावा आणि किंचित फिरवत सरळ बाहेर घ्यावी. वायरच्या बाजूने ओढल्यास कॅप तिरपी होते आणि क्लिप अधिकच आवळते.

नाडीचा फास. कॅपच्या वरच्या भागाला खांदा, कंगोरा किंवा कनेक्टरचे बाहेर आलेले तोंड असते. नाडीच्या मध्यभागी सैल फास करून तो खांद्याच्या खाली सरकवावा, आवळावा आणि नाडीची दोन्ही टोके कॅपच्या दोन विरुद्ध बाजूंनी वर घेऊन एका हातात धरावीत. दोन्ही टोके सारख्या ताणाने ओढली तर जोर आपोआप प्लगच्या रेषेत येतो. ओढताना दुसऱ्या हाताने कॅप फिरवत राहावे. हा उपाय सर्वात सुरक्षित आहे, आणि माझ्या मते तयार हत्यार असतानाही प्रथम तोच करून पाहावा, कारण नाडी कॅपवर ओरखडा पाडत नाही.

फासासाठी बारीक दोरी किंवा एकच झिप टाय वापरू नये. अरुंद वस्तू रबरात रुतते आणि ते कापते.

तारेचे आकडे. खळगा अरुंद असून खांदा खोल असेल तर नाडी तेथपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी ताठ तारेचे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्यावेत, प्रत्येकाचे एक टोक काटकोनात वळवून चार-पाच मिलिमीटरचा आकडा करावा आणि आकड्यासह तारेचा खालचा भाग इन्सुलेशन टेपने गुंडाळावा. वरची टोके लाकडी दांडीभोवती पक्की वळवावीत. आकडे सपाट बाजूने खळग्याच्या भिंतीलगत खाली सोडावेत, खांद्याच्या खाली गेल्यावर आत वळवावेत आणि दांडी आडवी धरून सरळ उचलावी.

येथे दोन चुका होतात. एकच आकडा वापरला तर कॅप एका बाजूला कलते, म्हणून आकडे नेहमी समोरासमोर दोन असावेत. आणि आकडा कॅपच्या प्लास्टिकच्या खांद्याखाली अडकण्याऐवजी रबराच्या घडीत अडकला तर रबर फाटते, त्यामुळे जोर लावण्यापूर्वी विजेरीने आत पाहून खातरी करावी.

लाकडी तरफ. कॅपचा खांदा खळग्याच्या बाहेर असेल तरच हा उपाय शक्य आहे. समोरासमोर दोन पातळ लाकडी पट्ट्या खांद्याखाली घालून दोन्ही एकाच वेळी, सारख्याच जोराने, अगदी थोड्या दाबाव्यात. टेकू हेडच्या कव्हरच्या जाड, घट्ट भागावर घ्यावा आणि खाली कापडाची घडी ठेवावी. खळग्याच्या पातळ कडेवर टेकू घेतल्यास ती कड दबते व मग टोपीचे रबर पाणी अडवू शकत नाही.

पक्कड वापरावीच लागली तर तिच्या दोन्ही जबड्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवावेत आणि तिने कॅप फक्त फिरवावी. पकडीने दाबून ओढलेल्या कॅपचे प्लास्टिक आतून चुरते. बाहेरून ती धडधाकट दिसते व गाडी पावसात मिस करू लागते.

## ७. तरीही न निघणारी कॅप

येथे जोर वाढवण्याऐवजी वेळ वाढवावा. सिलिकॉन स्प्रेची बारीक नळी रबराच्या कडेखाली घालून अगदी अल्प प्रमाणात फवारणी करावी, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि पाचवी पायरी पुन्हा आरंभापासून करावी. गंज सोडवण्यासाठी मिळणारे खनिज तेलाचे स्प्रे येथे वापरू नयेत. त्यांनी अनेक प्रकारचे रबर फुगते, मऊ पडते आणि कॅप निघाली तरी पुन्हा नीट बसत नाही. साबणाचे पाणीही टाळावे, कारण ते खळग्यात राहिले तर विजेला वाट देते.

दुसरा उपाय उष्णतेचा. केस वाळवण्याच्या यंत्राने कॅपच्या वरच्या भागाला काही मिनिटे कोमट हवा द्यावी. कॅप हाताने सहज धरता यावी, एवढीच ती तापवायची आहे. रंग उतरवण्याचे उष्ण हवेचे यंत्र किंवा ज्योत यांचा उपयोग करू नये. स्प्रे मारला असेल तर त्याची वाफ पूर्ण उडून जाईपर्यंत आणि आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच हा उपाय करू नये.

दोन्ही उपाय आलटून पालटून केल्यावरही कॅप जराही फिरत नसेल, तर क्लिप टर्मिनलवर गंजाने जखडली आहे असे समजावे. अशा कॅपला वाचवण्याचा आग्रह धरण्यापेक्षा नवी कॅप आधी मिळवून ठेवावी आणि मगच पुढे जावे. गाडी उघडी पडलेली असताना सुट्या भागाची वाट पाहावी लागणे हे अधिक त्रासाचे आहे.

## ८. काही तुटले तर

वायर निघून आली आणि कॅप आत राहिली. घाबरण्याचे कारण नाही. कॅप वरील उपायांनी काढावी, वायरचे टोक पाच-सहा मिलिमीटर सरळ कापून ताजे तांबे उघडे करावे आणि कॅप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होईपर्यंत वायरवर फिरवावी. कापण्यापूर्वी वायरची लांबी पुरेशी उरेल हे पाहावे.

रबराचा तुकडा सिरॅमिकवर राहिला. लांब टोकाच्या पकडीने केवळ रबर धरून ते सोलून काढावे. सिरॅमिकला धातू टेकू देऊ नये.

कॅप मध्येच तुटली आणि खालचा पोकळ भाग राहिला. बुचात पेच फिरवावा तसा एक लांब लाकडी कामाचा स्क्रू त्या पोकळीत हळूहळू फिरवून पकड घेऊ द्यावी आणि स्क्रूचे डोके धरून सरळ वर ओढावे. प्लास्टिकचे कण पडतील, परंतु प्लग अद्याप जागेवर असल्यामुळे ते सिलिंडरमध्ये जात नाहीत. सर्व तुकडे निघेपर्यंत आणि खळगा स्वच्छ होईपर्यंत प्लगला पाना लावू नये.

स्टिक कॉइल हातातून पडली. वरून काही दिसले नाही तरी आतील बारीक तार तुटलेली असू शकते. तिच्यावर खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे त्या सिलिंडरमध्ये दोष आढळल्यास प्रथम तीच तपासता येईल.

## ९. कॅप निघाल्यानंतर, प्लग काढण्यापूर्वी

खळग्यात विजेरीने पाहावे. पाणी असल्यास कापडाच्या वातीने टिपावे, वाळू असल्यास पुन्हा हवा मारावी. सफाई दोनदा करायची असते, एकदा कॅपपूर्वी आणि एकदा प्लगपूर्वी. दुसरी सफाई विसरणे अधिक महागात पडते.

काही प्लगांवरचे टर्मिनल हे आट्यांवर बसवलेले सुटे नट असते. ते कॅपच्या आत अडकून वर आले आहे का, हे कॅप उलटी करून पाहावे. नव्या प्लगवरही त्याच जातीचे टर्मिनल असावे लागते. टर्मिनल जुळले नाही तर कॅप बसल्याचा भास होतो, क्लिप मात्र धरत नाही.

कॅपच्या आत पांढरट किंवा काळी, झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली रेषा दिसली तर तेथून ठिणगी बाहेर पडत होती असे समजून कॅप बदलावी. वायरच्या कॅपमध्ये बहुधा रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक रोध करणारा भाग, असतो आणि त्याचे मूल्य अनेक गाड्यांत सुमारे ५ किलोओहम असते. मल्टिमीटरची टोके कॅपच्या दोन्ही बाजूंच्या धातूला लावून हे पाहता येते. नेमके मूल्य पुस्तिकेतून घ्यावे. मल्टिमीटर अनंत रोध दाखवत असेल तर कॅप निकामी आहे.

इशारा: कॅप मोकळ्या लोंबत असताना बॅटरी जोडून सेल्फ मारू नये. इंजिन फिरवणे आवश्यकच असेल तर प्रत्येक कॅपमध्ये प्लग घालून त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकलेला ठेवावा, आणि ही व्यवस्था प्लगच्या उघड्या छिद्रांपासून दूर असावी, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

## १०. परत बसवताना पुढच्या वेळेची सोय

प्लग पुस्तिकेतील टॉर्कने, म्हणजे आवळण्यासाठी ठरवून दिलेल्या जोराने, आवळून झाल्यावर कॅपच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर बोटाने लावावा. हे ग्रीस वीज वाहून नेत नाही, म्हणून ते धातूच्या क्लिपमध्ये किंवा टर्मिनलवर भरू नये. पातळ थर रबराला सिरॅमिकवर चिकटू देत नाही आणि पाणीही अडवतो, त्यामुळे पुढच्या वेळी पाचवी पायरी फार लवकर पार पडते. अधिक ग्रीस लावल्याने अधिक लाभ होत नाही; उलट ते धूळ धरते.

कॅप सरळ खाली दाबावी. क्लिप बसल्याचा खट असा आवाज येतो किंवा हाताला तसा झटका जाणवतो. खोल खळग्यात मात्र आत कोंडलेली हवा कॅपला वर ढकलते आणि बसलेली कॅप थोड्या वेळाने अलगद उचलली जाते. म्हणून दाबताना टोपीची कड एका जागी बोटाने उचलून हवा बाहेर जाऊ द्यावी, क्लिप बसल्यावरच कड सर्व बाजूंनी नीट दाबावी. स्टिक कॉइलवर हातोडी किंवा तळहाताचा ठोसा मारू नये. किंचित फिरवत दाबले की ती जागेवर जाते. तिच्या कनेक्टरचे तोंड मूळ दिशेला आहे हे छायाचित्राशी ताडून पाहावे आणि मग कनेक्टर खटका वाजेपर्यंत आत ढकलावा.

तपासणी: टाकी बसवण्यापूर्वी प्रत्येक कॅप दोन बोटांनी हलकेच वर उचलून पाहावी. ती हलत असेल तर क्लिप बसलेली नाही.

सर्व भाग बसवून, पेट्रोलच्या नळ्या नीट जोडल्या आहेत व कोठे गळती नाही हे पाहून शेवटी बॅटरी जोडावी आणि इंजिन सुरू करावे. इंजिन अडखळत असेल तर नवे प्लग सदोष असल्याची शंका घेण्यापूर्वी अनुक्रमे अर्धवट बसलेली कॅप, न लागलेला कनेक्टर आणि अदलाबदल झालेल्या वायर या तीन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून, किल्ली काढूनच कॅपला हात लावावा.